वहीतला बाबांचा प्रश्न

माझ्या पाठीचं दुखणं डोळ्यामुळे सापडलं. असं सांगितलं की लोक हसतात, पण झालं तसंच.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. लग्न होऊन ठाकुर्लीला राहायला आले होते आणि कल्याणच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवत होते. दोन वर्षांपासून सकाळी अंथरुणातून उठणं हेच एक काम होऊन बसलं होतं. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग पाय खाली सोडायचे आणि पलंगाची कड धरून हळूहळू उभं राहायचं. कंबर लाकडाची झाल्यासारखी वाटायची. माझ्या सँडलचा पट्टा लावायला नवरा खाली बसायचा. पहिल्या तासाला फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात मी लिहायचेच नाही. खडू पडला तर पहिल्या बाकावरची मुलगी न सांगता उचलून द्यायची. आणि साडेनऊ-दहाच्या सुमारास, दोन-तीन वर्ग फिरून झाले की मी बरी व्हायचे. इतकी बरी, की सकाळी आपण नाटक तर करत नव्हतो ना, असं माझं मलाच वाटायचं.

जो तो औषध सांगायचा. आईने मेथीचे लाडू पाठवले. सासूबाईंनी गादी बदलायला लावली. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "बायकांचं हे असं असतंच. कॅल्शियम घ्या, आराम करा." मी रविवारी दिवसभर आराम करायचे आणि सोमवारी जास्तच आखडायचे. आरामाने वाढणारं आणि चालण्याने कमी होणारं दुखणं कसलं असतं, हे मला कोणाला नीट विचारताही येत नव्हतं.

मग एका शनिवारी माझा डावा डोळा लाल झाला. उजेडाकडे बघवेना. डोंबिवलीत आईच्या घराजवळ एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी यंत्रातून बघितलं, थेंब लिहून दिले आणि लिहिता लिहिता विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का तुमची?"

मी डोळ्यावरचा रुमाल काढला. "तुम्हाला कसं कळलं?"

"डोळ्याच्या आत सूज आहे. तरुण माणसाला अशी सूज आली की आम्ही पाठीची चौकशी करतो." त्यांनी ठाण्याच्या एका संधिवाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. "नक्की जा. पुढे ढकलू नका."

ते डॉक्टर साठीचे असतील. सावकाश बोलणारे. रक्त तपासून झालं, कमरेचा एमआरआय झाला, आणि तिसऱ्या खेपेला त्यांनी मला नाव सांगितलं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. त्यांनी ते कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "नाव फार मोठं आहे, घाबरू नका. मणक्याचा आणि कमरेखालच्या सांध्यांचा सुजेचा आजार आहे. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात ठेवता येतो. घरात कोणाला पाठीचा त्रास?"

"नाही," मी म्हटलं. मग आठवलं म्हणून म्हटलं, "म्हणजे बाबांची पाठ वाकलेली आहे. पण ती कामामुळे. ते ड्राफ्ट्समन होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मान वळते त्यांची?"

बाबांची मान वळलेली मी कधी बघितलीच नव्हती. त्यांना हाक मारली की ते सबंध अंग वळवून बघायचे. रस्ता ओलांडताना आडवे उभे राहायचे. चहाचा शेवटचा घोट नेहमी कपात सोडायचे, कारण तो प्यायला डोकं मागे न्यावं लागतं. ती त्यांची सवय आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "आणि प्रश्न लिहून आणा. इथे बसलं की सगळ्यांचे प्रश्न पळून जातात आणि खाली लिफ्टमध्ये आठवतात."

माझ्या लहानपणी आम्ही वर्तकनगरला राहायचो. बाबा ठाण्यातल्याच एका कारखान्यात ड्रॉइंगच्या विभागात होते. तिरक्या टेबलावर वाकून त्यांनी तीस वर्षं यंत्रांचे भाग काढले. त्यामुळे त्यांची पाठ वाकली यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. ऑफिसातले लोक तर ती कामाची निशाणी आहे असं कौतुकाने म्हणायचे. डोंबिवलीला घर घेतलं तोपर्यंत ते पुरते पुढे झुकले होते.

प्रश्नांसाठी मी शाळेतली एक शंभर पानी वही घेतली. माझी पाठ बाबांसारखी होईल का? नोकरी किती वर्षं करता येईल? गोळ्या जन्मभर घ्यायच्या का? इंजेक्शनांची सवय लागते का? नवऱ्याने सांगितलेले दोन प्रश्न लिहिले. गादी कडक हवी की मऊ, आणि स्कूटरवर मागे बसलेलं चालतं का? रविवारी आईकडे गेले तेव्हा आईने तिचे लिहायला लावले. दही बंद करायचं का, चिंच चालेल का, भात खाल्लेला चालेल का? सगळ्यात खाली मी बारीक अक्षरात लिहिलं, मूल होऊ द्यावं का?

बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. हा आजार घरातून येऊ शकतो हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. फक्त म्हटलं होतं, डॉक्टरांना तुमचीही पाठ बघायची आहे. वही त्या दिवशी मी तिथेच विसरले. बाबा ठाण्याला निघताना ती घेऊन आले.

त्या दिवशी नवरा गाडी लावायला जागा शोधत होता, म्हणून आम्ही दोघंच आत गेलो. डॉक्टरांनी वही माझ्याकडून घेतली, चष्मा लावला आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचून उत्तरं द्यायला लागले.

"पाठ वाकेल का? तुमचं लवकर सापडलंय. औषध आणि व्यायाम सोडला नाहीत तर तशी वेळ येऊ नये असं आपण बघू. शंभर टक्के लिहून नाही देत मी. नोकरी, जरूर करा. तुमची तर उभी राहून फिरण्याची नोकरी आहे, उत्तम. गोळ्या, त्रास कसा आहे ते बघून कमीजास्त करू. इंजेक्शनांची सवय लागत नाही, पण त्याआधी टीबी वगैरे तपासून घ्यावा लागतो. गादी बेताची कडक आणि उशी पातळ. स्कूटर चालेल, खड्ड्यांतून हळू न्यायला सांगा. दही, चिंच, भात..." ते हसले. "हे आईंनी लिहिलंय ना? खा. फक्त वजन वाढवू नका. मूल होऊ द्यावं का? द्यावं की. पण ठरवायच्या आधी मला सांगायचं. काही औषधं चालतात, काही बदलावी लागतात."

मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले.

"हे अक्षर वेगळं आहे."

मी वाकून बघितलं. मागच्या पानाच्या बरोबर मधोमध, पेन्सिलीने, नकाशावर नाव घालतात तशा सरळ उभ्या अक्षरांत एकच ओळ होती. हा आजार वडिलांकडून येतो का?

बाबा समोरच्या टेबलाकडे बघत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर.

डॉक्टरांनी वही मिटली नाही. खुर्ची थोडी पुढे घेतली आणि बाबांना बघता येईल इतकं खाली वाकून म्हणाले, "येऊ शकतो. घरात एकाला असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते. तरी अशा घरातल्या बहुतेक मुलांना तो होत नाही. तुमचे वडील उंच होते का हो?"

"होते."

"तुम्हीही उंच असणार, सरळ उभे राहत होतात तेव्हा. मग उंची काय तुम्ही मागून घेतलीत? की त्यांनी ठरवून दिली?"

बाबा म्हणाले, "उंचीने कोणाला त्रास होत नाही, डॉक्टर."

मी टेबलाखालून बाबांचा हात धरला. आमच्या घरात असं कोणी कोणाचा हात धरत नाही. बाबांनी तो काढून घेतला नाही.

तपासताना डॉक्टरांनी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा भिंतीला टेकवायच्या आणि डोकं मागे न्यायचं. त्यांचं डोकं भिंतीपर्यंत पोचेना. फिजिओथेरपिस्ट मुलीने मधलं अंतर कापडी टेपने सेंटिमीटरमध्ये मोजलं आणि म्हणाली, "चौदा."

"टेप वाकलाय तुमचा," बाबा म्हणाले. "अशा मापाला स्टीलची पट्टी लागते."

ती मुलगी गोंधळली. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून खरंच स्टीलची पट्टी काढून दिली. "साडेचौदा," ती म्हणाली, आणि बाबांना बरं वाटल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग माझी पाळी. माझं डोकं भिंतीला टेकलं. शून्य.

"शून्य," बाबांनी तिच्या आधी म्हटलं.

त्यांचे मणके बऱ्याच ठिकाणी एकमेकांना जुळून गेलेत आणि ते आता सुटणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मात्र श्वासाचे व्यायाम करायचे, रोज चालायचं, पडायचं नाही आणि पडलात तर लहानसं दुखलं तरी दाखवायला यायचं. मान मोडून देणाऱ्या मालिशवाल्याकडे ते दर महिन्याला जायचे, ते त्याच दिवसापासून बंद. असा जुळलेला मणका कडक आणि ठिसूळ असतो, झटक्याने मोडू शकतो, हे घरी आल्यावर आमच्याकडून ऐकून आईने त्या मालिशवाल्याला इतकी वर्षं घरचा फराळ पाठवल्याबद्दल कपाळावर हात मारला.

पुढच्या रविवारी बाबांनी मला एक गुंडाळी दिली. ट्रेसिंग पेपरवर त्यांनी माझे सगळे व्यायाम काढले होते. बाजूने दिसणारी बाई, समोरून दिसणारी बाई, गुडघा किती अंशात, हात किती वर, बाणाने श्वास आत, बाणाने श्वास बाहेर. बाईला चेहरा नव्हता, पण वेणी माझ्यासारखी होती. ते कागद मी बेडरूमच्या भिंतीला चिकटवले. रोज सकाळी पावणेसहाला त्यांचा फोन यायचा. स्पीकर लावून मी ठाकुर्लीत आणि ते डोंबिवलीत, दोघं एकदम हात वर करायचो. मधे मधे नुसता श्वास ऐकू यायचा.

अशाच एका सकाळी, व्यायाम संपल्यावर, फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "तुला टिटवाळ्याचं आठवतं का गं? गणपतीच्या रांगेत तू रडली होतीस."

मला आठवत होतं. मी पाच-सहा वर्षांची असेन. रांगेतल्या सगळ्या मुली आपापल्या बाबांच्या खांद्यावर होत्या. मला काही दिसत नव्हतं आणि मी बाबांच्या शर्टाला धरून उचला, उचला म्हणत होते. ते नाही म्हणाले. शेवटी आईने उचललं. माझे बाबा कडक आहेत हे मला त्या दिवशी कळलं, असं मी नंतर कित्येक वर्षं मैत्रिणींना सांगायचे.

"खाली वाकलो असतो तर तुला घेऊन वर उठता आलं नसतं," ते म्हणाले. "एवढ्या लोकांत तसंच बसून राहावं लागलं असतं."

"मग सांगायचं ना बाबा."

"पाच वर्षांच्या मुलीला काय सांगणार?"

फोन ठेवून मी किती तरी वेळ गादीवर बसून राहिले. त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले.

वर्षभर छान गेलं, आणि छान गेलं म्हणूनच मी ढिली पडले. सकाळची आखडण संपली तशी गोळी एक दिवसाआड झाली. सहामाहीचे पेपर आले तसा व्यायाम सुटला. बाबांचा फोन आला की "झाला" म्हणायचे. दिवाळीनंतर एका सकाळी मला पलंगावरून उठताच येईना. नवऱ्याने धरून उठवलं. दोन दिवस घरी होते. दुसऱ्या दिवशी बाबा भेटायला आले आणि म्हणाले, "व्यायाम सोडलास ना तू?"

दुखत होतं, खोटं उघडं पडलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. "तुम्ही वेळेवर दाखवलं असतंत तर मला आधीच कळलं असतं! तीस वर्षं वाकून चाललात, पण एकदा डॉक्टरकडे नाही गेलात. तुम्ही दाखवलं असतं तर माझी दोन वर्षं फुकट नसती गेली."

बाबा उठले. दारात चपला घालताना त्यांना नेहमीच वेळ लागायचा. तेवढा वेळ मी गप्प बसले, हे मला अजून लागतं.

चार दिवस सकाळचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी, मी शाळेतून आले तर ते आमच्या सोफ्यावर बसलेले. रिक्षाने एकटेच आले होते. हातात पिवळं पडलेलं मोठं पाकीट. त्यातून त्यांनी एक जुना एक्स-रे काढला आणि खिडकीच्या काचेवर धरला. मला त्यातलं काय कळणार? पण कोपऱ्यात त्यांचं नाव होतं आणि नावापुढे वय लिहिलं होतं, सत्तावीस.

"दाखवलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड वाढतंय, तीन महिने हलायचं नाही. फळीवर झोपून राहिलो. रोज सकाळी थोडा जास्त आखडायचो. मला वाटायचं, मीच मधे मधे हलतो म्हणून बरं होत नाहीये, म्हणून आणखी गप्प पडून राहायचो. तीन महिन्यांनी उठलो तेव्हा बूट घालता येईनात. नोकरी त्यानंतर लागली, नवीच होती. तिथे कोणाला कळलं तर काढतील अशी धास्ती. मग ठरवलं, पुन्हा डॉक्टरचं तोंड बघायचं नाही."

"आईला माहीत आहे?"

"आईशी लग्न त्याच्यानंतर झालं."

मी त्यांच्या हातातून एक्स-रे घेतला. मला सॉरी म्हणायचं होतं, आमच्या घरात तेही कोणी कोणाला म्हणत नाही. मी म्हटलं, "चहा ठेवते." ते म्हणाले, "आधी औषध घेतलंस का ते सांग." मग मी त्यांच्या शेजारी बसून रडले आणि त्यांनी, सबंध अंग माझ्याकडे वळवून, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायचे तसा.

तो एक्स-रे डॉक्टरांनी बराच वेळ बघितला. खालच्या सांध्यांवर बोट ठेवून म्हणाले, "इथे तेव्हाच दिसतंय. तेव्हा फार जणांना हा आजार ओळखू यायचा नाही. झोपवून ठेवायला नको होतं तुम्हाला." बाबांनी एक्स-रे परत पाकिटात घातला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे मी हलत होतो ते बरोबर होतं." इतक्या वर्षांनी ते एवढ्याचंच समाधान मानत होते.

पुढे मला इंजेक्शनं सुरू झाली. पहिलं टोचलं तेव्हा नवराच जास्त घामाघूम झाला होता. दीड वर्षाने आम्ही मुलाचं ठरवलं, डॉक्टरांना आधी सांगितलं, औषधं बदलली. पाचवा आणि सहावा महिना जड गेला, मग पुन्हा चालायला लागले. बाळंतपणाच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही माझी पाठ तपासली आणि मणक्यात सुई देता येईल असं म्हणाले, तेव्हा आईने सुटकेचा श्वास सोडला. मुलगी झाली. या आजारासाठी तिचं रक्त तपासून घ्यायचं का, हे आम्ही दोघांनी ठाण्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तिला काही त्रास आहे? नाही ना? मग कशाला सुई टोचता?"

गेल्या महिन्यात मी आणि बाबा ठाण्याला नेहमीच्या तपासणीला गेलेलो. बाहेर बरीच गर्दी होती. आमच्या समोर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, टिटवाळ्याहून आलेल्या. त्यांची बावीस वर्षांची मुलगी आत रक्त द्यायला गेली होती. आजार नुकताच सापडला होता आणि बाईंच्या मांडीवर फाइल अजून कोरी करकरीत होती. त्या बाबांकडे एकटक बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"काका, रागावू नका हां. तुमचं पण तेच आहे का?"

"तेच."

"माझ्या मुलीची पाठ पण अशीच होणार का हो?"

बाबा खुर्चीतून थोडे उठले, पूर्ण त्यांच्याकडे वळून बसले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्यावरून ठरवू नका. माझ्या वेळी मला झोपवून ठेवलं होतं. तुमच्या मुलीला व्यायाम सांगितलाय ना?"

"सांगितलाय. पण ती करायला बघत नाही."

"करेल. मागे लागा. आणि हिच्याकडे बघा," त्यांनी माझ्याकडे हात केला. "ही माझी मुलगी. हिला पण आहे."

मला उभं राहावंच लागलं. ओढणी सारखी करून मी त्या भरल्या खोलीत उगाचच ताठ उभी राहिले. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, मग बाजूने बघितलं.

"लग्न झालंय तुझं?"

"हो."

"मूलबाळ?"

"एक मुलगी आहे."

"तिला पण आहे का हे?"

"माहीत नाही काकू," मी म्हटलं. "आत्ता ती अडीच वर्षांची आहे. दिवसभर धावत असते."

बाई आपली पिशवी उचलून आमच्या बाजूला आल्या. मी शेजारच्या खुर्चीवरची फाइल मांडीवर घेतली आणि त्यांना जागा करून दिली.

"मला एक सांग," त्या खाली बसत म्हणाल्या, "माझ्या मुलीला दही दिलेलं चालतं का गं?"